गुरुजींच्या फियाटचा धूर

न्हाई सायेब, बॉनेट उघडू नका. गाडी विकायची न्हाई आता. — व्हय, किशनराव गुरुजींनीच निरोप धाडला व्हता तुमाला, वसमतला खेमा मिस्त्रीकडं जाऊन फियाट बघा म्हणून. पण तो निरोप महिन्यामागचा. — काय? तपासणीत तीनदा नापास झाली, मंग काचंवर पासचा कागद कसा? नजर लई तेज हाय तुमची. बसा, च्या सांगतो.

गुरुजी म्हंजे रिटायर हेडमास्तर, कायद्याचा माणूस. सारं वसमत बिनकागदाचं फिरून राहिलं, पण धुराचं सर्टिफिकेट असल्याबिगर गुरुजी गाडी फाटकाभायेर काढणार न्हाईत. आन् गाडी सत्याऐंशीची, पण लेकरावानी जपलेली — दर बारीला माझ्या धुराच्या मशीनवर आकडा दोन. ह्या बारीला म्या सायलेन्सरात नळी घातली — सात! तीनच्या आत पायजे. प्लग काढले, कार्बुरेटर धुतला — सातच. मंग इंजिनाला हवा जाती तो फिल्टरचा डबा खोलला, तर आत हिरव्या लुगड्याची चिंधी, गच्च कोंबलेली! हवाच न्हाई तर पेट्रोल जळंल कसं? उंदराचं काम म्हणावं, तर उंदीर गाठ मारतो का?

सांजच्याला चतुराबाई — गुरुजींची मंडळी — धपाटे घेऊन हजर. "खेमा, ती चिंधी ऱ्हाऊ दे." काहून, म्हणलं. तर सांगून राहिल्या, जवळा गावच्या बाजारात गुरुजींनी गाडी एका बाईच्या टोपलीवरून नेली. बाई बोटभर अंतरानं वाचली. आन् गुरुजी काय म्हणले? "टोपली रस्त्यात कुणी ठेवली?" — बाई त्यांना दिसलीच न्हवती, सायेब. डोळ्यांत मोतीबिंदू, आपरेशनला भेतेत, कुणाचं ऐकत न्हाईत. ऐकतेत ते कायद्याचं. मंग काय, म्या लिव्हलं नापास.

दुसऱ्या बारीला चिंधी न्हवतीच. चतुराबाईंनीच भिऊन काढली व्हती. आकडा बराबर दोन. — मंग नापास कशी? आता... स्क्रू असतो एक कार्बुरेटरला. म्या फिरवला, पेट्रोल जादा, आकडा परत सात. हसू नका! गणितात दोनदा नापास केलं व्हतं मला गुरुजींनी. म्या त्यांच्या गाडीला तीनदा केलं. खोटं काहून बोलू, बरं वाटलं. ते आपले म्हणून राहिले, "परत बघ की खेमा, काही चुकलं असंल" — आन् म्या मान हलवून, "न्हाई गुरुजी, अभ्यास कमी पडला."

तिसऱ्या बारीनंतर गुरुजी म्हणले, विकून टाक. तुमाला निरोप गेला. म्या गाडी आणायला घरी गेलो, तर गुरुजी बंद गाडीत बसलेले. एकटेच. एक हात स्टेरिंगवर, दुसऱ्यानं गेर टाकून राहिले — एक, दोन, तीन. म्या पाच हातावर उभा, तरी दिसलो न्हाई त्यांना. म्या दार उघडून शेजारी बसलो, सायेब. सांगून टाकलं — ती टोपली, ती बाई, ती चिंधी.

गुरुजींनी गेर सोडला. मंग म्हणले, "त्या बाईला लागलं का रे?" न्हाई, म्हणलं. तर तोंड फिरवून डोळे पुसले. दुसऱ्या दिशी आपणहून नांदेडच्या बसमधी बसले, चतुराबाईंना संग घेऊन. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं व्हईल, मंग गाडी भायेर काढणार. "पण कागद आत्ताच तयार ठेव" म्हणले. म्या स्क्रू जागेवर आणला, नळी घातली. दोन.

— स्क्रूचं? ते न्हाई सांगितलं. चिंधीचं सांगितलं तेवढं बास झालं, उगं म्हाताऱ्या माणसाला तकलीफ कशाला? सारं चतुराबाईंच्या नावावर गेलं, त्याबी काय बोलल्या न्हाईत. आता हे तुमाला आन् मलाच ठाऊक — काय झालं? मागं काय बघून राहिले? — आरं देवा, काळा चष्मा! जय भीम गुरुजी, या, या की... कवाधरनं उभे हायत तुमी?