झिंग्याच्या तळ्याचं पाणी

नाव सुनंदाबाई चुडामण चौधरी, वय ५२ वर्षे, धंदा शेती, रा. कोळवाडे, ता. रावेर, जि. जळगाव.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी व माझे पती चुडामण असे दोघेच राहत होतो. मुलगी मोहिनी भुसावळला सासरी आहे. आमची केळी आहे. बांधाला लागून माझ्या वारलेल्या जेठांचा मुलगा भूपेंद्र याचं शेत आहे.

गेल्या वर्षी भूपेंद्रने शेतात प्लास्टिक कापडाचं तळं करून झिंगे पाळले. झिंग्याला खारं पाणी लागतं म्हणून ट्रकनं मिठाच्या गोण्या आणल्या. मी म्हटलं, "काय रे, तळ्याचं लोणचं घालतो का?" तो हसला, आम्हीपण हसलो. झिंगे काढले की तो सगळं पाणी नाल्यात सोडायचा. नाल्याकाठीच आमची विहीर आहे. आधी नाल्यातली बेडकं मेली. मग विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना.

यंदा केळीची पानं कडेनं करपली. पान असं करपलं की आमच्याकडे कोणीही पोटॅशच सोडतो. यांनीही ठिबकमधून सोडलं. आणखी करपलं, तर आणखी सोडलं. माती तपासली तेव्हा कळलं की ती आधीच खारट झाली होती आणि पोटॅशनं आम्ही अजून खार वाढवला. बाग गेली. तपासणीवाले म्हणाले, तळ्याचंही पाणी आणा, मग खार कुठून आला ते लेखी देऊ.

यांनी माझ्यासमोर भूपेंद्रकडे बाटलीभर पाणी मागितलं. तो म्हणाला, "नाना, तठी पाय ठेवू नका. बाहेरच्या माणसानं झिंग्याले रोग येतो." हे म्हणाले, "मी बाहेरचा? तुले खांद्यावर बसवून शाळेत नेलं रे मी!" त्यानं फाटकाला कुलूप लावलं.

आज सकाळी हे तारेखालून आत गेले. मी बांधावर होते. यांनी काठाला बसून बाटली भरली, बूच लावून माझ्याकडे फेकली. उठताना पाय घसरला. हा तापी पोहून गेलेला माणूस, पण कापडावर शेवाळ होतं, हाताला काही धरवेना. वर यायचे, पुन्हा घसरायचे. तिथं ना दोर, ना टायर. मी अंगावरची साडी सोडून फेकली, ती पुरली नाही. मी पाय टाकणार तर ओरडले, "तू उतरू नको!" भूपेंद्रचा मजूर बन्सीलाल बांबू घेऊन पळत आला, तोवर हे दिसेनासे झाले होते.

भूपेंद्र बाहेर बाकावर रडतो आहे. खोटं रडत नाही, मला कळतं. त्याची कीव येते आणि त्याचा गळा धरावासा वाटतो. नातेवाईक म्हणतात, घरातलं घरात मिटव. घरातला माणूस तर गेला, आता काय मिटवू? यांना पोहायची हौस आली म्हणून हे तिथं गेले नव्हते. पाण्यासाठी गेले होते. बाटली हजर करते, ती तपासायला पाठवावी.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "पाय घसरून मयत, माझी याबाबत तक्रार नाही" असं आधीच लिहिलेलं होतं. त्यातलं "नाही" माझ्या सांगण्यावरून खोडून "आहे" केलं आहे, व तिथं मी वेगळी सही केली आहे. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे.