वहिदाचं एक मत

वहिदा महापालिकेवर एका मतानं निवडून आली. पण तसं काही घडलंच नाही असं धरून चाला, कारण मतदान अजून व्हायचंय, येत्या रविवारी. पडेगावच्या बसच्या रांगेत शिवराज नावाच्या एका तरुणाच्या पुढं ती शेजारच्या मनकर्णाबाईंना गाठून उभी होती.

"मावशी, मागच्या बारीला एकाच मतानं पडले मी."

"मत देते की गं, पण माझं घर लष्कराच्या छावणीत, महापालिकेच्या मतदार यादीत माझं नावच नाय. गल्लीच्या अलीकडं तुझं मुंबईचं सरकार, पलीकडं माझी दिल्ली."

"मग मोकळीक कुठं जास्त?"

"माझ्याकडं. दिल्ली लई लांब, आपल्या शिव्या तिथवर पोचतच नाय."

"मग राहा की खुशाल!"

"पण नातीच्या दाखल्यासाठी माझ्यासंगं दिल्ली नाय पळाली, तू पळालीस. मला माझं माणूस निवडायचंय."

मनकर्णाबाईंनी शिवराजला पेन काढायला लावलं.

"लिही बाबा. प्रति, संरक्षण मंत्रालय. विषय: मतदानासाठी रविवारी एक दिवस छावणीची हद्द माझ्या पलंगामागे सरकवून मिळणेबाबत."