एका नंबरची वाडी

वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर तिनंच बनवलेलं, त्यांच्या वाडीतल्या बायकांचं तांदळाचं ऑनलाइन दुकान उघडलेलं होतं.

"आरती, पुन्यांदा लाल झालं गं."

"आत्याबाई, धोंडाबाईंच्या तांदळाची ऑर्डर घेत न्हाई. हा मोबाईल नंबर आधीच रत्नाबाईंच्या नावावर आहे, म्हणतंय."

"रत्नाबाई म्हंजी मीच की! वाडीत रेंज फकस्त माझ्या फोनला. समद्या बाया त्योच नंबर देत्यात."

"तिथंच अडलंय. आज न्हाई गेली तर गिऱ्हाईक ऑर्डर रद्द करील. तुमच्या नावावर पाठवू का?"

"राबली ती, आन पिशवीवर नाव माझं? न्हाई जमायचं."

"मग डेटाबेसच बदलते. फोन एकच राहू दे, पण प्रत्येकीला तिचा वेगळा सभासद क्रमांक देते. थांबा हं... घेतली! गेली ऑर्डर!"

"नाव कुणाचं?"

"धोंडाबाईंचंच. त्यांना फोन करून सांगा की."

"कुणाच्या फोनवर? वाडीचा फोन तर माझ्याच हातात हाय."

मग सासू माझ्याकडे वळली.

"ताई, तवर तुमालाच सांगते. येका फोनवर आख्खी वाडी बोलती, हे त्या मशीनला ठावं नव्हतं. आमच्या सुनेनं शिकवलं."