हिरवी साय

दादा : हळू बोल, चिमणे. इथे पंप चालू आहेत, अर्धं ऐकूच येत नाही. काय बंद करू म्हणतेस?

चिमणी : तळ्याचा व्हॉल्व्ह! आत्ताच्या आत्ता बंद कर, दादा.

दादा : अगं, पहाटे पाचला तर उघडला. शेवाळामुळे तळं बंद, आठ दिवस सगळं गाव टँकरवर होतं. काल संध्याकाळी तुझा रिपोर्ट आला, साहेब म्हणाले, उघडा. पाणी स्वच्छ, खाली आमच्या बहिणीची सही. मी तर सगळ्यांना दाखवत होतो.

चिमणी : रिपोर्ट चुकलाय.

दादा : तुझा?

चिमणी : माझाच. उपग्रहाच्या फोटोत जिथे शेवाळ फार दाट होतं ना, तिथे माझ्या प्रोग्रॅमला ते पाणी वाटलंच नाही. जमीन वाटली. म्हणून त्याने तेवढा भाग सोडून दिला आणि उरलेलं पाणी मोजलं. शेवाळ जितकं माजत गेलं, तितकं माझ्या आकड्यांत तळं स्वच्छ होत गेलं! आज सकाळी जुना नकाशा नव्याशेजारी ठेवला, तर तळं लहान झालेलं. म्हटलं, आटलं की काय...

दादा : आटतंय कशाला? काठोकाठ आहे.

चिमणी : तेच तर! आणि हे शेवाळ विषारी आहे, दादा. पाणी उकळूनसुद्धा विष जात नाही.

दादा : ...चिमणे, पहाटे मला वास आला होता. जाळीवर हिरवी साय धरली होती. हाताला चिकटली.

चिमणी : मग फोन का नाही केलास?

दादा : घेतला होता हातात. मग म्हटलं, ती वरून बघते, आपण काठावरून. तिला आपल्यापेक्षा जास्तच दिसत असणार.

चिमणी : असं नको ना रे बोलूस.

दादा : टोमणा नाही मारत. खरंच तसं वाटलं.

चिमणी : बंद कर आधी!

दादा : साहेबांची लेखी ऑर्डर लागते. ते येणार दहाला.

चिमणी : पहाटे माझ्या सहीवर उघडलात, आता माझ्या शब्दावर बंद कर. अरे, आज बुधवार. बाबांचं डायलिसिस!

दादा : देवा रे! तुझी वहिनी साडेसातलाच सोडून आली त्यांना.

चिमणी : त्या मशीनला नळाचंच पाणी लागतं. तिथे विषाची गाठ थेट रक्ताशी. दवाखान्यापर्यंत पाणी पोचायला किती वेळ?

दादा : दोन तास. म्हणजे सातलाच... पण त्यांचा फिल्टर असतो ना?

चिमणी : त्याने हे अडेलच असं नाही. पावणेनऊ झालेत, दादा.

दादा : फिरवतोय चाक. नोकरी गेली तर गेली. तू बाबांना लाव.

(ती बाबांचा नंबर लावते. घंटी बराच वेळ वाजत राहते.)

बाबा : बोला, आकाशवाल्या बाई! आज कामाच्या वेळात आठवण?

चिमणी : बाबा, सिस्टरना सांगा, मशीन बंद करा. तुमचं, सगळ्यांचं. पाण्यात विष आहे.

बाबा : काय? ...अहो सिस्टर, इकडे या. माझी लेक म्हणते, मशीन बंद करा. पाणी खराब आहे म्हणते. हो, सहाच्या सहा मशीन. डॉक्टरांना विचारा की, पण बंद करून विचारा! अहो, ही पोर लहानपणी विंचू चावला तरी ओरडली नव्हती, आज ओरडतेय. ऐका तिचं... हां. थांबलं गं माझं. पलीकडच्या आजींचंही थांबवतायत.

चिमणी : किती वेळ चाललं होतं?

बाबा : असेल पाऊण तास.

चिमणी : चूक माझी आहे, बाबा. पाणी चांगलं आहे असं मीच लिहून दिलं होतं.

बाबा : ते मागाहून बघू. आधी डोळे पूस.

चिमणी : मळमळतंय का? डोकं? नीट दिसतंय ना तुम्हाला?

बाबा : खरं सांगू, का तुला बरं वाटेल ते सांगू?

चिमणी : खरं.

बाबा : मग निघ तू इकडे यायला.