फुलांची गोळी

मंडळाचे अध्यक्ष राजीव सामंत, ग्लासगोहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे डॉ. शशिधर परांजपे, व्यासपीठावरील मान्यवर आणि कॉव्हेंट्रीतल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

निवृत्तीच्या सत्काराला उत्तर देताना गोड बोलायचं असतं. मला ते जमणार नाही. सव्वीस वर्षं किडनीच्या वॉर्डात काढली आणि एका वाक्याने मला अगदी वीट आणला: "सुहासिनीताई, ते नॅचरल आहे, त्याने काय होतंय?"

काय होतं ते रघुवीर आणि अलकाच्या परवानगीने सांगते. दोघं समोरच बसलेत. २००३ मध्ये अलकाने नवऱ्याला आपली किडनी दिली. वर्षभर सगळं छान चाललं. शरीराने ती किडनी नाकारू नये म्हणून रघुवीर एक गोळी घेत. अचानक ब्लड टेस्टमध्ये त्या गोळीचं रक्तातलं प्रमाण घसरलेलं दिसलं. मी डोस वाढवला, तरी खालीच.

"गोळ्या चुकवताय?"

"नाही."

"दुसरं काही औषध?"

"नाही."

तीन अपॉइंटमेंट्स हेच. शेवटी मी चिडून म्हणाले, "तुम्ही खोटं बोलताय." सगळ्या क्लिनिकला ऐकू गेलं.

पंधरवड्यात ते ॲडमिट झाले. शरीर किडनी नाकारू लागलं होतं. तेव्हा अलकाने पर्समधून बाटली काढली. "हिवाळ्यात हे फार उदास होतात, म्हणून मीच हेल्थ शॉपमधून आणते. फुलांच्याच गोळ्या आहेत हो."

सेंट जॉन्स वर्ट. त्या पिवळ्या फुलातलं एक रसायन लिव्हरच्या पेशींना कामाला लावतं. मग या पेशी औषध मोडणारी एन्झाइम्स भराभर बनवतात आणि आमची गोळी काम करण्याआधीच संपते. रसायन बागेतलं की फॅक्टरीतलं, हे पेशी विचारते का?

किडनी वाचली, पण तिची निम्मी ताकद गेली ती गेलीच.

"मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

रघुवीर शांतपणे म्हणाले, "तुम्ही औषधं विचारलीत, डॉक्टर."

तेव्हापासून प्रत्येकाला विचारते, काय खाता, काय पिता, कोणी काय आणून दिलं? एवढा साधा प्रश्न सुचायला मला अलकाची अर्धी किडनी लागली, याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो.

मंडळाने केलेल्या कौतुकाबद्दल मनापासून आभार. रागाच्या भरात कोणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. रघुवीर, तुमची माफी मी केबिनचं दार लावून मागितली होती. ती आज सर्वांसमोर मागते. तुम्ही खरं बोलत होता.