साताऱ्यातनं लावलेली लाईट

शालूबाई : उंबरा आला आण्णा, पाय उचला. आरं जयराज, बापाचा हात धर की! नुसता फोन काय बगतुयास?

जयराज : धरलाय काकी. फोन वाजतोय. ‘दारात कुणीतरी आलं आहे’ म्हणून.

शालूबाई : आपुनच आलोय की!

जयराज : हो. त्या दारावरच्या बेलला काय कळतंय.

नाथाजी : सोडा मला दोगंबी. सांगलीच्या दवाखान्यात धरलं तेवडं बास. ह्या घरात मला कुनी धरायचं न्हाई. ही भिंत, ही खुंटी, हितं बाजलं... हा बसलो बगा. सब ठीक.

जयराज : पाणी देऊ आण्णा?

नाथाजी : दे. आन् तूबी दोन घास खा. सकाळधरनं उपाशी हायस. दुकान बंद ठिवून आलास, लय खोटी झाली तुजी. गिऱ्हाईक माघारी गेलं आसंल.

जयराज : आण्णा, मी इकडं आहे. तुमच्या उजव्या बाजूला. तुम्ही कॅमेऱ्याकडं तोंड करून बोलताय.

नाथाजी : व्हय का? सवय रं. तुजा आवाज कायम तितनंच येतुय.

शालूबाई : ऐकलंस? भितीवरच्या डबीला पोरगा समजून बोलतुय बाप. आन् ह्यो साताऱ्यात बसून म्हनतुय, काकी, मी आण्णांना रोज बगतो!

जयराज : बघतच होतो काकी. दुकान उघडलं की पहिलं काम तेच. आण्णा उठले, आण्णांनी चहा घेतला, आण्णा अंगणात बसले. सगळं दिसत होतं. मग हे कसं दिसलं नाही? डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं मला. काचबिंदू. एक डोळा पुरता गेला, दुसऱ्यात नळीतनं बघितल्यासारखं थोडं उरलंय. गेलं ते कुठल्याच औषधानं परत यायचं नाही. वर विचारतात, ‘आधी का नाही आणलंत? वेळेत आणलं असतं तर राहिलं असतं.’ काय सांगू त्यांना? घरात कॅमेरा आहे म्हणून?

नाथाजी : तो डाक्टर लय बोलतुय. सोड.

जयराज : कधीपासून दिसत नाही तुम्हाला?

नाथाजी : आरं, एकदम थोडंच झालं. कडंकडंनं धुकं यायचं. मला वाटलं, वय झालं. चष्मा पुसायचो.

जयराज : दिवाळीला मी बल्ब बसवले, तेव्हा दिसत होतं?

नाथाजी : ते पानी दे आदी.

शालूबाई : पानी मागनं. सांगा की.

नाथाजी : उजेड कळायचा. रंग न्हाई कळायचा.

जयराज : पण तुम्ही तर बरोबर सांगायचात! मी दुकानातनं गिऱ्हाइकाला दाखवायला फोनवर निळा लावला की तुम्ही म्हणायचात, ‘निळा लागला.’ हिरवा लावला की हिरवा. गिऱ्हाईक खूश व्हायचं. ‘बघा,’ मी म्हणायचो, ‘इथं साताऱ्यात पोवई नाक्यावर बोट लावलं आणि तिकडं कुंडलला माझ्या वडिलांच्या घरात उजेड पडला.’

शालूबाई : मी सांगायची रं त्यास्नी, शेजारनं येऊन.

जयराज : काय?

शालूबाई : त्या दाराच्या मागं हुबी ऱ्हायची मी, तुज्या डबीला दिसू नये आशी. ‘निळा हाय आण्णा.’ ‘आता तांबडा हाय.’ हळूच सांगायची. आन् हे तिकडं तोंड करून पलटनीत आरडल्यावानी आरडायचे, ‘तांबडा!’ मला हसू यायचं पयलं. मग पुढं पुढं रडू याय लागलं. पापी मीच. तुला फोन करून सांगायला पायजे हुतं. ह्यांनी शपत घातली गळ्याची.

जयराज : एकदा चुकला होतात तुम्ही. मी हिरवा लावलेला, आणि तुम्ही म्हणालात पांढरा.

शालूबाई : त्या दिवशी मी लग्नाला गेलेली किर्लोस्करवाडीला.

जयराज : गिऱ्हाईक हसलं. मी म्हणालो, ‘वडील फौजी आहेत, मस्करी करतात.’ आणि... आणि मीही हसलो, आण्णा.

नाथाजी : ऐकलं हुतं मी. बरं वाटलं. म्हनलं, निभावलं.

जयराज : निभावलं? डोळे गेले आणि निभावलं म्हणता? मला नुसतं म्हणायचं ना, ‘जयराज, मला दिसत नाही.’ एवढंच वाक्य!

नाथाजी : म्हनाय लागलो हुतो रं. संक्रांतीच्या आसपास. फोन लावला, म्हनलं, ‘पोरा, डोळ्याचं जरा...’ तवर तू म्हनलास, ‘आण्णा, थांबा, जरा कॅमेऱ्याम्होरं येऊन हात वर करा, गिऱ्हाईक बघतंय.’ म्या गेलो, सलाम ठोकला. तू म्हनलास, ‘झकास! ठेवतो.’ आन् ठिवलास.

जयराज : परत करायचा होता फोन.

नाथाजी : मग इचार केला. पोराचं दुकान नवं. सगळ्यास्नी माजंच घर दावतुय त्यो. बाप म्हातारा हाय, एकटा हाय, पर बगा कसा मजेत हाय. त्याच बापाला दिसत न्हाई म्हनल्यावर ती लाईट कोन घेनार?

शालूबाई : आगं आई गं... आण्णा, ह्ये मलाबी न्हवतं सांगितलं तुमी.

जयराज : पेटवून देतो मी ते दुकान.

नाथाजी : यड्यावानी बोलू नगंस. चांगल्या हायत त्या वस्तू. त्यो गिझर फोनवरनं लावायचास तू, पानी कडकडीत मिळायचं. शेतावरच्या मोटरीला ते यंत्र बसवलंस, एक मिसकॉल दिला की मोटार चालू. आख्खी भावकी चिखल तुडवत जायाची, आन् मी बाजल्यावर. गावात लय कवतिक झालं माजं. तू मन लावून केलंस सगळं. मी उगा म्हनत न्हाई.

जयराज : आण्णा, मी एक करतो. आता एक मनगटावरचं घड्याळ येतं. माणूस पडला की त्याला आपोआप कळतं. लगेच माझ्या फोनवर घंटा वाजते. आणि बोलणारा एक स्पीकर येतो, त्या डब्यात डोळ्यांच्या थेंबांची वेळ घालून ठेवतो, सकाळ-संध्याकाळ तो आठवण...

शालूबाई : आरं तुज्या तोंडाला काय म्हनावं! आजूनबी इकायलाच बसलायस व्हय? डबा म्हनंल, ‘थेंब घाला.’ घालनार कोन? डबा येतुय का पापनी वडून धराया? ह्यांनी काल दवाखान्यात घालून बगितलं, सगळं औशीद मिशीवर.

नाथाजी : शालूबाई, पोराला बोलू नगा.

शालूबाई : बोलनार. आता तर बोलनारच. घड्याळ देतुय म्हनं, पडल्यावर घंटा वाजवनारं! आण्णा पडलं म्हनून तर दवाखाना गाठला. पडलं कशानं ते इचारलं का त्यानं?

जयराज : अंगणात घसरले. हौदापाशी शेवाळ...

शालूबाई : शेवाळ न्हाई न् बिवाळ न्हाई. ती दोरी कुटं गेली, आटीवतंय का तुला?

जयराज : कुठली दोरी?

नाथाजी : शालूबाई! पुरं.

शालूबाई : दारापासनं मोरीपतूर बांदलेली नायलानची हिरवी दोरी. मीच गाठी मारलेल्या. दोरी धरून जायाचं, दोरी धरून यायाचं. परसाकडंला सुदिक कुनाला हाक मारायची न्हाईत हे.

जयराज : ती... ती कपडे वाळत घालायची नव्हती?

शालूबाई : कमरंएवड्या दोरीवर कपडं कोन वाळत घालतं रं?

जयराज : ती कॅमेऱ्याच्या बरोबर मध्ये यायची. एक पाहुणे आले होते दुकानात, म्हणाले, ‘घर छान आहे, पण हे काय लटकतंय?’ म्हणून मी फोन केला. म्हणालो, ‘आण्णा, ती दोरी काढा. बरं दिसत नाही.’

नाथाजी : काडली मग म्या. त्यात काय? दोरी ती दोरी.

जयराज : काढली. आणि पडलात.

नाथाजी : अंदाज चुकला. दोन पावलं डावीकडं गेलो, हौदाचा काट लागला. लढाईत लोक मरत्यात, मी हौदावर आपटलो. सोड की आता.

जयराज : आणि मला कळलंही नाही. कॅमेऱ्यासमोर पडलात, माझ्या फोनवर सूचना आली असणार. मी तेव्हा आवाज बंद केलेला. दिवसभर कोंबडी गेली तरी वाजायचा, म्हणून. काकींचा फोन आला तेव्हा कळलं. मग रेकॉर्डिंग बघितलं. तुम्ही पडल्या पडल्या पहिलं काय केलंत माहीत आहे? टोपी शोधलीत. हातानं चाचपत. टोपी घातलीत आणि कॅमेऱ्याच्या दिशेनं हात वर केलात. सलाम.

नाथाजी : तुला वाटंल ना, बाप पडला म्हनून. काळजी लागंल.

शालूबाई : देवा रं देवा.

जयराज : मला काळजी लागू नये म्हणून! आण्णा, मी कसला पोरगा तुमचा? सातारा काय दिल्लीला आहे? सकाळी गाडीला किक मारली असती तर जेवायला इथं आलो असतो. तुमच्यासमोर बसून एकदा जेवलो असतो, तर भाकरी चाचपताना दिसला असतात तुम्ही. मला वाटायचं, बघतोय की रोज. जायची काय गरज. रोज बघत होतो आण्णा मी, रोज!

नाथाजी : तू घर बगत हुतास. घर झ्याक हुतं.

जयराज : घरच... घरच बघत होतो मी.

नाथाजी : रडतुयास का? शालूबाई, रडतुय का त्यो?

शालूबाई : रडू द्या. त्याला रडायलाच पायजे.

नाथाजी : हिकडं ये. बस हितं. हां. गुडघा लागू दे जरा, म्हंजे कळतंय मला. चुकी माजीबी हाय लेका. पलटनीत आजारी पडलो की लाईनीत जाऊन सांगायचो, साब, तबियत ठीक नहीं. तितं लाज न्हाई वाटली कवा. आन् घरी येऊन पोटच्या पोराला सांगाया तोंड उचललं न्हाई. त्येची किंमत मोजली म्या. आता तूबी मोजू नगंस.

जयराज : चला साताऱ्याला माझ्याबरोबर. आजच.

नाथाजी : नगं.

जयराज : का? थेंब मी घालीन. सकाळ-संध्याकाळ. दुकानात खुर्ची टाकतो तुम्हाला.

नाथाजी : तितल्या भिंती मला ठावं न्हाईत. दिसत हुतं तवा आलो आसतो, तर साताराबी पाट झाला आसता. आता नवं घर शिकायला डोळं लागत्यात रं. हितं तुजी आई कुटं दळायची, कुटं बसायची, सगळं हातापायास्नी ठावं हाय. हितंच बरा हाय मी.

शालूबाई : थेंब मी घालीन. त्येचा घोर नगं करू. दोरीबी बांदते परत.

जयराज : दोरी मी बांधतो काकी. आणि आज जात नाही मी. उद्याही नाही. दुकान राहू दे बंद.

शालूबाई : बांद मग. कमरंएवडी बांद, वर नगं. दिवेलागण झाली, जाते मी. म्हस वाट बगत आसंल. जयराज, दूध धाडते, घे.

नाथाजी : दिवेलागण झाली?

जयराज : झाली आण्णा. अंधारलंय. थांबा, लाईट लावतो. फोन कुठं ठेवला मी...

नाथाजी : फोनवरनं नगं.

जयराज : का?

नाथाजी : तू तिकडनं लावतुयास, हितं काय कळत न्हाई रं. आवाजच येत न्हाई त्या लाईटला. लागली का इझली, समजायचं कसं? तू फोनवर इचारायचास, ‘आण्णा, उजेड पडला का?’ म्हनायचो, लय पडला. आन् मी बसलेला आसायचो, तसाच. तुजी आई दिवेलागणीला उठायची, भितीपतूर जायाची, बटन दाबायची. टक! मी परड्यात आसलो तरी कळायचं, घरात मानूस हाय. डोळं मिटून आसलो तरी उजेड वाटायचा.

जयराज : बटणावर मीच चिकटपट्टी लावलीय. कुणी बंद करू नये म्हणून. बटण बंद झालं की बल्ब फोनचं ऐकत नाही.

नाथाजी : काड ती.

जयराज : पक्की बसलीय. नखानं निघेना.

नाथाजी : निगंल. हळू हळू काड. कुटं जायाचंय आपल्याला?

(जयराज पट्टी सोलून काढतो. बटण एकदा वर करतो, मग खाली दाबतो. टक!)

जयराज : आण्णा, लावली.

नाथाजी : हां. आता लागली.