मधला धुरा

दुर्गेश्वरी : काल मॅचमध्ये चार गोल खाल्ले, बाबा. चार! आणि आमचा एकही नाही.

सेवकराम : मंग काय झालं? हार-जीत लागूनच राहते. तिरोड्याच्या पोट्ट्या शहरातल्या, आपल्या खेड्यातल्या. हातपाय धू अन् जेव.

दुर्गेश्वरी : शहर-खेड्याचा प्रश्नच नाही. पळण्यात आपल्या पोरी त्यांच्यापेक्षा तेज आहेत. शेवटी शेवटी त्या तिरोड्याच्या मुली कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आपली एकही दमली नव्हती. तरी हरलो.

सेवकराम : काऊन मंग?

दुर्गेश्वरी : आपल्या धुऱ्यामुळं.

सेवकराम : कोनता धुरा?

दुर्गेश्वरी : तुमच्या आणि छोटेलालकाकांच्या बांधीमधला, तो मातीचा बांध.

सेवकराम : घ्या! मॅच तिरोड्याले, धुरा अर्जुनीपाशी, अन् हरवलं कोनं, तं माह्या धुऱ्यानं! पायी पायी गेला होता का तो तुमच्या मांगं?

दुर्गेश्वरी : हसू नका हो. आधी ऐकून घ्या. मी दर रविवारी गोंदियाहून येते आणि गावच्या पोरींना कुठं खेळवते?

सेवकराम : माह्या बांधीत. धान कापलं का मोकळीच राहते.

दुर्गेश्वरी : हो, पण ती बांधी लांबलचक आणि रुंदीला एवढीशी. आणि पहिल्याच दिवशी तुम्ही काय बजावलं होतं? बॉल धुऱ्यापलीकडं गेला नाही पाहिजे.

सेवकराम : अजूनबी मनतो. त्याच्या बांधीत आपलं काहीच नाही गेलं पाहिजे. बॉलबी नाही.

दुर्गेश्वरी : म्हणून मीही पोरींना तेच शिकवलं. धुरा आला की वळा. त्यांच्या पायात ते पक्कं बसलं. काल तिरोड्याला हे एवढं मोठं मैदान! खुशबू बॉल घेऊन साइडनं निघाली, समोर कोणी म्हणजे कोणी नाही, आणि मधेच थांबली. वळली आणि पुन्हा गर्दीत घुसली. मी ओरडतेय, “पळ, पुढं पळ!” मग डिंपल गेली, तीही तिथंच वळली. मग रेणू. अर्धं मैदान मोकळं पडलेलं, आणि आमच्या सगळ्या मधल्या पट्ट्यात एकमेकींच्या पायात येताहेत.

सेवकराम : तेथं धुरा नव्हता?

दुर्गेश्वरी : तिरोड्याच्या मैदानावर कशाला असेल धुरा?

सेवकराम : धुरा नाही, तरी वळल्या?

दुर्गेश्वरी : तरी वळल्या. लोक हसत होते, बाबा. येताना बसमध्ये मला रडू आलं. पोरींसमोर कसं रडायचं, म्हणून खिडकीकडं तोंड करून बसले.

सेवकराम : तू कायले रडतेस? तू तं कॉलेजची मास्तरीन. तुह्या कॉलेजच्या पोट्ट्या जिंकून राहिल्या ना?

दुर्गेश्वरी : जिंकतात. पण कॉलेजची टीम मला कोणी ताटात वाढून दिली नव्हती. आधी गोंदियाच्या शाळेत बारकी बारकी पोरं खेळवली. खेळवली कसली, त्यांच्या बुटांच्या नाड्याच बांधत होते. मग मोठ्या वर्गातले मुलगे दिले. ते काही मॅडम म्हणायला तयार नाहीत, आपलं “ओ दीदी, आपको आता है क्या?” मी एकेकाच्या पायातून बॉल काढून नेला, तेव्हा मॅडम झाले. मग परीक्षा देऊन कोचचं लायसन्स काढलं, तेव्हा कुठं कॉलेजनं बोलावलं.

सेवकराम : अन् मी साऱ्या गावाले इचारत होतो, बॉल लाथाडाची बी नोकरी राहते का मनून.

दुर्गेश्वरी : अजून विचारता.

सेवकराम : आता मजाक करतो. तवा खरंच इचारत होतो.

दुर्गेश्वरी : बाबा, होळी झाली की कॉलेजची निवड आहे. त्यात आपल्या पोरी निवडल्या गेल्या तर कॉलेजात प्रवेश, होस्टेल, सगळं मिळतं. नाहीतर बारावीनंतर त्या घरी बसणार. खुशबूचे बाबा, ते रत्नपालभाऊ, स्वतः मला म्हणाले, “मॅडम, निवडली तं पाठवतो, नाही तं धानाच्या रोवण्याले नेतो.” आणि आमच्या प्राचार्यांनी सांगून टाकलंय, यंदा तुमच्या गावची एक तरी मुलगी टीममध्ये दिसू द्या, नाहीतर रविवारीसुद्धा कॉलेजच्याच मुलींना शिकवा.

सेवकराम : मंजे तुहं येनंच बंद?

दुर्गेश्वरी : सणावाराला येईन. पोरींसाठी येणं बंद.

सेवकराम : मंग शाळेच्या मैदानात खेळव.

दुर्गेश्वरी : तिथं नव्या वर्गांची गिट्टी पडलीय.

सेवकराम : तलावाच्या पोटात?

दुर्गेश्वरी : अजून पाणी आहे. जागा एकच आहे बाबा. तुमची बांधी आणि काकांची बांधी एक केली तर पोरींना रुंदी मिळते. मधला धुरा फोडावा लागेल.

सेवकराम : काय मनली?

दुर्गेश्वरी : ऐकलंत तुम्ही.

सेवकराम : तलाव बांधनाऱ्याच्या घरची पोट्टी तू! आपल्या आज्या-पंज्यानं पाट्या वाहून वाहून पानी अडवलं, अन् तू मनतेस धुरा फोडा? धुरा फोडला तं बांधीत पानी थांबन का? धान काय डांबरी सडकेवर लावू?

दुर्गेश्वरी : पावसाच्या आधी परत घालायचा. मी सगळ्या पोरी घेऊन येईन, माती आम्ही टाकू. आता त्यात काय आहे? दोन्हीकडं कापलेल्या धानाच्या नुसत्या धसाड्या आहेत.

सेवकराम : अन् तो? त्याच्या बापाचा बी धुरा हाये ना तो?

दुर्गेश्वरी : त्याच्या बापाचा म्हणजे तुमच्याच बापाचा. मी सकाळी काकांकडं जाऊन आले.

सेवकराम : माह्या आधी त्याच्या घरी गेली!

दुर्गेश्वरी : तुमच्याकडं आधी आले असते, तर त्यांचं नाव निघाल्यावर तुम्ही ताटावरून उठला असता.

सेवकराम : काय मनला तो?

दुर्गेश्वरी : म्हणाले, धुरा दोघांचा आहे. भाऊ स्वतः येऊन बोलला तर आजच्या आज फोडतो. निरोप चालणार नाही.

सेवकराम : मी जाऊ? मी? माय गेली त्या सालापासून तो माह्या दारात नाही आला. अन् दरसाली नांगरताना त्याच्या बाजूनं धुरा कोरते. हळूच. बोटबोट.

दुर्गेश्वरी : ते म्हणतात तुम्ही कोरता.

सेवकराम : मी कोरतो?

दुर्गेश्वरी : धुरा दोन्हीकडून बारीक झालाय, बाबा. पूर्वी त्यावरून बैल जायचा, आता कोंबडीसुद्धा सांभाळून चालते. तुम्ही दोघंही कोरता.

सेवकराम : बापाले असं बोलते!

दुर्गेश्वरी : कॉलेजात मुलांना बोलते ते ऐकाल तर हे गोड वाटेल. बाबा, काल मॅच संपल्यावर खुशबू मला म्हणाली, “मॅडम, मी काऊन थांबली?” तिला स्वतःलाच माहीत नाही. मी तिला शंभर वेळा तोंडानं सांगेन, पण पायाला तोंडाचं कळत नाही. मोकळ्या जागेत पळाल्याशिवाय ती भीती जात नाही. आणि त्या पोरींना भीती कशाची आहे? त्या तर काकांशी कधी भांडल्यासुद्धा नाहीत.

सेवकराम : फावडं कोठं हाये?

दुर्गेश्वरी : आत्ता?

सेवकराम : आत्ता नाही तं कवा? झोपून उठलो का मन फिरन माहं. चल, तूबी चाल संगं. एकटा गेलो तं भांडीन मी.

(त्याच दिवशी, ऊन कलल्यावर. दोन बांध्यांमधला धुरा. अलीकडे सेवकराम आणि दुर्गेश्वरी, पलीकडे छोटेलाल.)

छोटेलाल : आखिर आला.

सेवकराम : पोट्टीसाठी आलो.

छोटेलाल : मी कुठं म्हटलं माझ्यासाठी आला? बोल.

सेवकराम : तिनं सांगितलंच असन तुले.

छोटेलाल : तिचं ऐकलं सकाळी. आता तुझं ऐकतो.

दुर्गेश्वरी : बोला, बाबा.

सेवकराम : धुरा फोडाचा हाये. पोट्ट्याइले खेळाले. पाऊस लागाच्या आधी परत घालू. तुले चालते का, छोटे?

छोटेलाल : बस, एवढंच तर पाहिजे होतं. एवढं बोलायला इतकी सालं लावली यार तू. मला तर तुमचा खेल आवडते. बॉल माझ्या बांधीत आला का मीच परत मारतो.

सेवकराम : तू? बॉल मारतो?

दुर्गेश्वरी : लाथेनं. आणि चांगला मारतात काका.

सेवकराम : मले कोनी सांगितलं नाही.

दुर्गेश्वरी : पलीकडं बॉल जाऊ द्यायचा नाही, अशी बंदी कोणी घातली होती? मग तुम्हाला कोण सांगणार?

छोटेलाल : एकदा पाय मुरगळला ना. घरी सांगितलं, गायीनं मारलं. घरवाली दोन दिवस त्या गरीब गायीला शिव्या देत होती.

सेवकराम : ह्या वयात लाथा मारते बॉलाले!

छोटेलाल : तुला पाह्यजे तर तूही मार. अब वो क्या है तुझ्या हातात?

सेवकराम : खुंट्या. दोन्ही टोकाले ठोकून ठेवू. जेठात दोरी लावून जसाच्या तसा घालता येईन.

छोटेलाल : जसाच्या तसा म्हणजे कसा? तू कोरलेला का मी कोरलेला?

सेवकराम : तू कोरलेला.

छोटेलाल : पहले तू सुरू केलं!

दुर्गेश्वरी : झालं. चला, मी गोंदियाला जाते.

सेवकराम : थांब ना, बाई. बरं, छोटे, माय होती तवा जसा होता तसा घालू. कबूल?

छोटेलाल : भाऊ, माय होती तेव्हा धुरा कुठं होता? एकच बांधी होती ना ही. तू वरच्या टोकाहून नांगर आणायचा अन् मी खालून.

सेवकराम : हव. एकच होती.

छोटेलाल : जेठात पाहू कुठं घालायचा ते. दोघं उभे राहू. आता मार पहला फावडा.

सेवकराम : तू मार.

छोटेलाल : तू मोठा. तू मार.

सेवकराम : मोठा हाये मनूनच मनतो ना, तू मार पयले.

छोटेलाल : अरे पण फावडं तू आणलं ना!

सेवकराम : मंग तुह्या हातात देऊनच तं राहिलो! धर!

दुर्गेश्वरी : बाबा, काका, आता यावरूनसुद्धा भांडणार आहात का तुम्ही?

सेवकराम : भांडून नाही राहिलो, बाई. बोलून राहिलो.